खगोलशास्त्रज्ञाची शोधनिबंधांची यादी कशी वाचायची?

प्रश्न थोडक्यात असा: एका ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञांवर परिचयलेख लिहायचा आहे. खगोलशास्त्राच्या एडीएस या संदर्भसूचीत त्यांच्या नावापुढे चारशेहून जास्त नोंदी दिसतात, सायटेशन (म्हणजे इतरांच्या निबंधांनी दिलेले हवाले) हजारोंच्या घरात आहेत, त्यांवरून काढला जाणारा एच-इंडेक्स हा निर्देशांक साठाच्या आसपास. त्यांच्याच पिढीतल्या एका सैद्धांतिक खगोलशास्त्रज्ञांच्या नावावर मात्र जेमतेम सत्तर निबंध. मग एका माणसाने चारशे निबंध लिहिले तरी कधी? यात काही खोट आहे का? आणि दोघांत मोठं कोण?

खोट नाही. पण चारशे निबंध त्यांनी बसून लिहिलेत असंही नाही. निवड समित्यांवर आणि दुर्बिणींचा वेळ वाटणाऱ्या समित्यांवर मी बरीच वर्षं अशा याद्या वाचत आलोय. एकूण आकडा मी सगळ्यात शेवटी पाहतो, कित्येकदा पाहतही नाही. यादी काळाच्या क्रमाने वाचावी आणि वाचताना एकच गोष्ट शोधावी: या माणसाने कोणते प्रश्न आपले म्हणून हाती घेतले आणि त्यांतलं काय त्याच्यामुळे पुढे सरकलं. हे कसं ओळखायचं ते जरा सविस्तर सांगतो, कारण आमच्या विषयातल्या रीती इतर शास्त्रांपेक्षा वेगळ्या आहेत. जीवशास्त्राच्या किंवा गणिताच्या याद्या वाचायची सवय असलेला माणूस इथे हमखास चकतो.

आधी यादीत काय काय असतं ते पाहू. एडीएस नासाच्या निधीवर चालते आणि हार्वर्ड-स्मिथसोनियन खगोलभौतिकी केंद्रातून तिचा कारभार होतो. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून ती सुरू आहे आणि आमच्या विषयात जे काही छापलं जातं ते जवळपास सगळं तिच्यात असतं. अडचण नेमकी तिथेच आहे. नियतकालिकात समीक्षण होऊन आलेला निबंध ही एक नोंद. त्याच कामावर परिषदेत दिलेल्या भाषणाचा अर्ध्या पानाचा सारांश ही दुसरी. परिषदेच्या इतिवृत्तातला लेख तिसरी. निबंधासोबतचा तक्ता व्हिझिएआर या कॅटलॉगांच्या भांडारात गेला की चौथी. अधिनवतारा (सुपरनोव्हा) किंवा गॅमा किरणांचा स्फोट दिसला की निरीक्षक लगोलग चार-सहा ओळींची सूचना काढतात. ‘ॲस्ट्रॉनॉमर्स टेलिग्राम’ १९९७ पासून हेच काम करतं, गॅमा स्फोटांसाठी जीसीएन या सूचना-जाळ्याची परिपत्रकं असतात. त्या सगळ्या ‘तारा’ (टेलिग्राम) याही नोंदीच. हबलसारख्या दुर्बिणीवर मंजूर झालेले प्रस्तावसुद्धा सूचीत येतात. क्षणिक घटनांच्या मागे असणाऱ्या निरीक्षकाची यादी अशा नोंदींनी फुगलेली असते आणि त्यात लपवाछपवी काही नसते. ज्याला त्याला ती चाळणी लावायची मुभा आहे. डावीकडच्या रकान्यात ‘रेफरीड’वर (म्हणजे समीक्षित) टिचकी मारा. चारशेचे अडीचशे झाले तरी दचकू नका.

(प्रत्येक नोंदीला १९ अक्षरांचा एक कोड असतो. आधी वर्ष, मग नियतकालिकाची खूण, खंड, पान आणि शेवटी पहिल्या लेखकाच्या आडनावाचं आद्याक्षर. एकदा सवय झाली की नुसता कोड बघून निबंध, तार आणि तक्ता वेगळे ओळखता येतात. हा छंद लागला की सुटत नाही.)

दुसरी अडचण नावांची. सूची आडनाव आणि आद्याक्षरांवर शोध घेते. त्यामुळे सर्रास आढळणाऱ्या आडनावाच्या दोन-तीन माणसांचं काम एकत्र मिसळतं, आणि नाव बदललेल्या एकाच व्यक्तीचं काम दोन ठिकाणी विखुरतं. तारे मुख्यतः हायड्रोजनचे असल्याचा हिशेब १९२५च्या प्रबंधात मांडणाऱ्या सेसिलिया पेन लग्नानंतर पेन-गापोश्किन या नावाने लिहू लागल्या. जोसलिन बेल पुढे बेल बर्नेल झाल्या. २०१२ पासून प्रत्येक संशोधकाची ओळख पटवणारे ऑर्किड क्रमांक आले, त्यामुळे नव्या पिढीचं काम नीट बांधलेलं असतं. ज्येष्ठांचं मात्र हाताने निवडावं लागतं. तुमचे शास्त्रज्ञ तर हयात आहेत. त्यांच्याकडूनच यादी मागून घ्या आणि एडीएसच्या यादीशी ताडून बघा.

आता खरा विषय, लेखकांचा क्रम.

खगोलशास्त्रात पहिलं नाव त्याचं, ज्याने ते काम प्रत्यक्ष केलं आणि निबंध लिहिला. जीवशास्त्रात शेवटचं नाव प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं असतं आणि त्याला मोठा मान असतो. आमच्याकडे शेवटच्या नावाला सहसा काहीच अर्थ नसतो. बऱ्याचदा तो माणूस शेवटी आलेला असतो तो केवळ त्याचं आडनाव झेडने सुरू होतं म्हणून. मधल्या आकाराच्या गटांमध्ये रूढ पद्धत अशी की पहिली दोन-चार नावं कामाच्या वाट्याप्रमाणे लावायची आणि उरलेली इंग्रजी वर्णानुक्रमाने. वर्णानुक्रम कुठे सुरू होतो ती जागा शोधा. त्या रेषेच्या वर कोण आणि खाली कोण, एवढ्यावरून बरंच कळतं.

पण सगळं कळत नाही. विश्वाचं प्रसरण वेगाने वाढतंय हे सांगणारा १९९८चा निबंध घ्या. पहिलं नाव ॲडम रीस यांचं, दुसरं फिलिपेंको यांचं, आणि तिथून पुढे सरळ वर्णानुक्रम. ज्यांनी ती तुकडी उभारली आणि चालवली ते ब्रायन श्मिट एस या अक्षरापर्यंत खाली उतरल्यावर भेटतात. २०११चं नोबेल रीस आणि श्मिट दोघांनाही मिळालं, सोबत प्रतिस्पर्धी तुकडीच्या सॉल पर्लमटर यांना. नुसती प्रथम लेखकाची चाळणी लावली तर या निबंधातून श्मिट गळून पडतात. म्हणून मी ती चाळणी लावतो, पण तिच्यावर थांबत नाही.

कधी कधी पहिल्यापासून शेवटपर्यंत वर्णानुक्रमच असतो. मूलद्रव्यं ताऱ्यांच्या पोटात कशी घडतात यावरचा १९५७चा गाजलेला निबंध मार्गारेट बर्बिज, जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि फ्रेड हॉइल या चौघांचा. क्रम निव्वळ आडनावांचा. हॉइल यांनी या कल्पनेचा पाया १९४६ आणि १९५४च्या स्वतंत्र निबंधांत आधीच घातला होता, तरी त्यांचं नाव शेवटी आलं. पुढच्या पिढ्या १९५७च्या निबंधाचाच हवाला देत राहिल्या, हॉइल यांचा १९५४चा निबंध त्या मानाने मागे पडला. १९८३चं नोबेल फाउलर यांना मिळालं, हॉइल यांना नाही. त्याला क्रमच कारण झाला असं कुणी म्हणणार नाही, पण सायटेशन कुठे साचतात आणि कल्पना कुठून येते या दोन गोष्टी वेगळ्या राहू शकतात, ते इथे स्वच्छ दिसतं.

आणि मग महाकाय गट. गुरुत्वीय लहरींचा पहिला वेध २०१५च्या सप्टेंबरात लागला. त्यावरच्या २०१६च्या निबंधावर हजाराहून जास्त नावं आहेत आणि तो जगभर ‘ॲबट आणि सहकारी’ म्हणून ओळखला जातो. ॲबट पहिले, कारण ए आणि बी. पुढच्या वर्षी नोबेल मिळालेले वाइस, बॅरिश आणि थॉर्न त्या गर्दीत आपापल्या अक्षराखाली उभे आहेत. २०१७मध्ये दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीवर दुर्बिणींच्या सगळ्या तुकड्यांनी मिळून जो निबंध काढला त्यावर तर तीन हजारांहून अधिक नावं आहेत. गाया या ताऱ्यांची मोजणी करणाऱ्या उपग्रहाच्या काही प्रमुख निबंधांत आधी गटाचं नाव येतं, मग माहिती-प्रक्रियेची धुरा सांभाळणाऱ्या ब्राउन यांचं, आणि मग इतरांची लांबच लांब रांग.

अशा गटांचे लेखी नियम असतात. उपकरण बांधण्यात किंवा प्रणाली उभी करण्यात ठरावीक वर्षं घातली की तुम्ही ‘बिल्डर’ ठरता आणि गटाच्या ठरावीक निबंधांवर तुमचं नाव आपोआप येतं. बाहेरून पाहणाऱ्याला हा फुकटचा मान वाटतो. मला तसं वाटत नाही. एखाद्याने आठ वर्षं डिटेक्टरचा गोंगाट कमी करण्यात घालवली, तर त्या डिटेक्टरने पाहिलेल्या प्रत्येक गोष्टीत त्याचा वाटा असतोच. फक्त त्या निबंधांची संख्या मोजून ‘याने इतके निबंध लिहिले’ असं म्हणू नये. तुमच्या शास्त्रज्ञांच्या चारशेतले बरेचसे याच खात्यातले निघतील असा माझा अंदाज आहे. शेवटच्या पंधरा-वीस वर्षांत संख्या एकदम उसळलेली दिसली आणि लेखकांची सरासरी संख्याही त्याच सुमारास वाढलेली दिसली, तर तो माणूस मोठ्या गटात सामील झाला असं समजा.

जुन्या निबंधांना आजची रीत लावायला जाल तर मात्र गोंधळ होईल. पल्सारचा, म्हणजे ठरावीक वेळाने रेडिओ स्पंद पाठवणाऱ्या ताऱ्याचा, शोध जाहीर करणाऱ्या १९६८च्या निबंधावर पाच नावं आहेत: ह्यूइश, बेल, पिल्किंग्टन, स्कॉट, कॉलिन्स. नोंदपट्टीवरची ती अनोळखी खरड हेरणारी आणि तिचा पिच्छा पुरवणारी विद्यार्थिनी दुसऱ्या जागेवर आहे. १९७४चं नोबेल ह्यूइश आणि राइल यांना मिळालं, त्यावर आजतागायत वाद चालू आहे. आजच्या रीतीने तो निबंध बेल यांच्या पहिल्या नावाने निघायला हवा होता, असं माझं मत. गेल्या काही दशकांत विद्यार्थ्याचं काम असेल तर पहिलं नाव विद्यार्थ्याचंच, हा आमच्याकडे जवळजवळ दंडक झाला आहे. तो चांगला दंडक आहे.

यावरून तुमच्या पुढच्या शंकेचं उत्तर मिळतं: नंतरच्या काळात प्रथम लेखक म्हणून त्यांचे निबंध कमी का झाले? व्हायलाच हवेत. कारकिर्दीचा साधारण आकार असा असतो. पीएच.डी.च्या काळात प्रथम लेखक म्हणून दोन-चार निबंध, बहुतेकांवर मार्गदर्शकाचं नाव दुसरं. मग दोन-तीन पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरच्या तात्पुरत्या संशोधन-जागा), प्रत्येक दोन-तीन वर्षांची, शक्यतो वेगवेगळ्या संस्थांत. हा सगळ्यात उत्पादक आणि सगळ्यात धास्तीचा काळ, कारण पुढची नोकरी या निबंधांवर ठरते. कायमची जागा मिळाली की शिकवणं, विद्यार्थी, समित्या, अनुदानाचे अर्ज सुरू होतात आणि पहिल्या जागेवरचं नाव हळूहळू दुसऱ्या-तिसऱ्या जागेवर सरकतं. तिथे विद्यार्थ्यांची नावं वर दिसू लागली तर ती वाढ आहे. साठीतला प्राध्यापक अजूनही प्रत्येक निबंधावर पहिलाच असेल तर मला उलट प्रश्न पडतो: याचे विद्यार्थी कुठे आहेत? सैद्धांतिक काम करणारे काही जण याला सणसणीत अपवाद आहेत, हेही खरं.

तरुण उमेदवाराच्या यादीत मी एक जागा मुद्दाम शोधतो. मार्गदर्शकाचं नाव नसलेला पहिला निबंध. तिथे तो माणूस स्वतःच्या पायावर उभा राहिलेला असतो. तुमच्या ज्येष्ठांच्या यादीतही तो निबंध शोधा. परिचयलेखाला यासारखी सामग्री नाही.

दुसरी जागा म्हणजे विषय बदलला तो क्षण. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांची यादी या दृष्टीने अजोड आहे. श्वेत बटू ताऱ्यांच्या कमाल वस्तुमानावरचा त्यांचा १९३१चा निबंध ‘ॲस्ट्रोफिजिकल जर्नल’मध्ये दोन पानांत मावलाय. त्यानंतर ताऱ्यांची रचना, तारकासमूहांची गतिकी, प्रारणाचं वहन, द्रवांची स्थिरता, फिरणाऱ्या द्रवगोलांचे आकार आणि शेवटी कृष्णविवरं, असे विषय ते एकामागून एक घेत गेले. एका विषयात काही वर्षं पूर्ण बुडायचं, त्यावर एक मोठा ग्रंथ लिहून तो विषय हातावेगळा करायचा आणि पुढे निघायचं. १९५२ ते १९७१ त्याच नियतकालिकाचं संपादनही ते करत होते. त्या काळात त्यांनी इतरांच्या निबंधांवर घातलेला वेळ कुठल्याच सूचीत दिसत नाही. बहुतेकांची कारकीर्द अशी आखीव नसते. कुणी जन्मभर एकाच प्रकारच्या ताऱ्यांवर काम करतो आणि त्यात जगात पहिल्या दोन-तिघांत गणला जातो. दोन्ही रस्ते मानाचे आहेत. मला खटकते ती फक्त तिसरी तऱ्हा: जो विषय चलनात असेल त्यावर एक-एक उथळ निबंध. यादीत ती लगेच ओळखू येते, कारण कुठल्याच निबंधाचा पुढचा निबंध सापडत नाही.

मध्ये दोन-तीन वर्षांची पोकळी दिसली तर घाईने अर्थ लावू नका. मुलांचा जन्म असेल, आजारपण असेल, संस्थेचं संचालकपद असेल. उपकरण बांधणं हे तर फारच नेहमीचं कारण. गायाची कल्पना १९९३मध्ये पुढे आली, उपग्रह २०१३च्या डिसेंबरात उडाला, पहिली माहिती २०१६मध्ये बाहेर पडली. ज्यांनी उमेदीची वर्षं त्यात घातली त्यांच्या यादीत दोन दशकं मुख्यतः तांत्रिक परिषदांमधले लेख दिसतात. ते कुणी फारसे उद्धृत करत नाही. नंतर एकदम पूर येतो. व्हेरा रुबिन यांचं दीर्घिकांच्या भ्रमणावरचं काम सगळ्यांना ठाऊक असतं. पण ते शक्य झालं केंट फोर्ड यांनी घडवलेल्या प्रतिमानलिकेच्या वर्णपटलेखकामुळे, आणि देवयानी दीर्घिकेवरच्या १९७०च्या निबंधावर दुसरं नाव त्यांचंच आहे. उपकरणवाल्यांची कारकीर्द वाचायची तर दुसऱ्या नावाकडे असंच आदराने पाहावं लागतं.

सायटेशनबद्दल माझी मतं जरा कडवट आहेत.

सगळ्यात जास्त उद्धृत होणारे निबंध हे सगळ्यात थोर असतात असं नाही. ते सगळ्यात उपयोगी असतात. श्लेगेल, फिंकबायनर आणि डेव्हिस यांनी १९९८मध्ये आकाशगंगेतल्या धुळीचा नकाशा दिला. आकाशगंगेपलीकडचं काहीही मोजायचं तर मध्ये येणारी धूळ वजा करावी लागते, म्हणून तो निबंध जो तो उद्धृत करतो. एमसी हे सांख्यिकी सॉफ्टवेअर २०१३चं, ॲस्ट्रोपाय या खगोलशास्त्राच्या सॉफ्टवेअरचा पहिला निबंधही त्याच वर्षीचा. दोन्ही हजारोंनी उद्धृत झाले आहेत. ताऱ्यांच्या जन्माच्या वेळी कुठल्या वस्तुमानाचे किती असतात हे सांगणारा सॅल्पीटर यांचा १९५५चा निबंध आजही रोजच्या वापरात आहे. ही सगळी उत्तम कामं आहेत. पण इथे सायटेशन म्हणजे ‘मी हे हत्यार वापरलं’ एवढीच पावती असते.

उद्धरणं बरोबर निघण्याचीही हमी देत नाहीत. बायसेप-२ गटाने २०१४च्या मार्चमध्ये विश्वाच्या आरंभीच्या गुरुत्वीय लहरींची खूण सापडल्याचं जाहीर केलं. काही महिन्यांत त्यावर निबंधांचा पाऊस पडला. प्लँक उपग्रहाच्या माहितीसह २०१५च्या सुरुवातीला एकत्र विश्लेषण झालं, तेव्हा त्या संकेताचा मोठा भाग आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीचा असल्याचं दिसलं. सायटेशनचा आकडा मात्र खाली येत नसतो. उलट टोकाला फ्रिट्झ झ्विकी. केश समूहातल्या दीर्घिकांच्या वेगांवरून न दिसणाऱ्या द्रव्याचा हिशेब त्यांनी १९३३मध्ये जर्मन भाषेत, एका स्विस नियतकालिकात मांडला आणि कित्येक दशकं त्याकडे फारसं कुणी फिरकलं नाही. त्यांच्या उमेदीच्या काळात कुणी एच-इंडेक्स काढला असता तर त्यात हे काम नगण्य ठरलं असतं.

एका यादीतला माघारीचा निबंध मला विशेष प्रिय आहे. १९९१मध्ये मॅथ्यू बेल्स, अँड्र्यू लाइन आणि शेमर यांनी एका पल्सारभोवती सहा महिन्यांत फेरी मारणारा ग्रह सापडल्याचं जाहीर केलं. सहा महिने म्हणजे पृथ्वीच्या वर्षाचा बरोबर अर्धा काळ, आणि शंका तिथेच होती. पल्सारची आकाशातली जागा किंचित चुकलेली होती. त्यामुळे पृथ्वीच्या लंबवर्तुळी कक्षेची दुरुस्ती पुरती वजा झाली नव्हती, आणि उरलेला अवशेष ग्रहासारखा दिसत होता. हे लक्षात येताच १९९२च्या जानेवारीत लाइन यांनी अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या बैठकीत उभं राहून दावा मागे घेतला. सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. त्याच महिन्यात वोल्श्चान आणि फ्रेल यांचा दुसऱ्या पल्सारभोवतीच्या ग्रहांचा निबंध आला, आणि तो टिकला. लाइन यांची पत त्यानंतर उतरली नाही, वाढलीच. यादीत माघार किंवा दुरुस्ती दिसली तर तो डाग समजू नका. कुणी लक्षात आणून दिल्यावर, की स्वतःहून, आणि किती लवकर, हे तपासा.

एच-इंडेक्स हॉर्ह हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५मध्ये सुचवला. तुमच्या किमान एच इतक्या निबंधांना प्रत्येकी किमान एच सायटेशन असतील, तर तो तुमचा निर्देशांक. तो कमी कधीच होत नाही आणि वयाबरोबर वाढत जातो, म्हणून वेगवेगळ्या पिढ्यांची तुलना त्याने करताच येत नाही. लेखक तीन की तीन हजार, त्याला फरक पडत नाही. एकच युगप्रवर्तक निबंध लिहून थांबलेल्या माणसाचा एच-इंडेक्स एक. एडीएसमध्ये सायटेशनना लेखकसंख्येने भागून दाखवायची सोय आहे. ‘टोरी’ नावाचा एक निर्देशांकही आहे, जो लेखकसंख्या आणि उद्धृत करणाऱ्या निबंधाच्या संदर्भयादीची लांबी दोन्ही हिशेबात धरतो आणि स्वतःचीच स्वतः केलेली उद्धरणं वगळतो. तुमच्या दोन शास्त्रज्ञांची आकड्यांत तुलना करायचीच असेल तर निदान हे आकडे घ्या. चारशे आणि सत्तर यांच्यातलं अंतर झपकन कमी झालेलं दिसेल, कदाचित उलटंही होईल. सैद्धांतिक निबंधांवर दोन-तीनच नावं असतात. सत्तरातले पन्नास त्यांनी खरोखर स्वतः बसून, कागदावर गणितं करून लिहिलेले असू शकतात.

नियतकालिकांच्या नावांना फार महत्त्व देऊ नका. ‘ॲस्ट्रोफिजिकल जर्नल’, ‘ॲस्ट्रॉनॉमिकल जर्नल’, रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीची ‘मंथली नोटिसेस’ आणि युरोपातलं ‘ॲस्ट्रॉनॉमी अँड ॲस्ट्रोफिजिक्स’, या चौघांत आमचं बहुतेक काम छापलं जातं आणि चारही चांगली आहेत. कोण कुठे छापतो हे पुष्कळदा देश, संस्था आणि छपाईचं शुल्क कोण भरणार यावर ठरतं. ‘नेचर’मध्ये आलेला निबंध बातमीचा असतो, टिकाऊ असेलच असं नाही. शिवाय आर्काइव्ह या संकेतस्थळावर प्रीप्रिंट, म्हणजे छपाईआधीची प्रत, आधीच आलेलं असतं. १९९१मध्ये पॉल गिन्स्पार्ग यांनी ती सोय सुरू केली, पुढच्याच वर्षी खगोलभौतिकीचा विभाग आला, आणि आता रोज सकाळी तिथली नवी यादी चाळणं हा आमचा नेम आहे. छापील अंकाची वाट कुणी बघत नाही.

यादीत न दिसणाऱ्या गोष्टींबद्दल मात्र जरूर विचारा. दुर्बिणीचा वेळ मिळवणं हे स्वतंत्र कौशल्य आहे. जेम्स वेब दुर्बिणीवर २०२४मध्ये उपलब्ध तासांच्या सुमारे नऊपट तास मागितले गेले, म्हणजे उत्तम प्रस्तावही बहुतेक वेळा परत येतात. हबलने २०१८मध्ये प्रस्तावकांची नावं परीक्षकांपासून झाकायला सुरुवात केली. त्या पहिल्याच फेरीत स्त्रियांच्या नेतृत्वाखालच्या प्रस्तावांच्या यशाचं प्रमाण पुरुषांपेक्षा किंचित वर गेलं. तोपर्यंत ते वर्षानुवर्षं खाली असायचं. म्हणजे जुन्या यादीत जे निबंध ‘नाहीत’ त्यांतले काही वेळ न मिळाल्यामुळे नाहीत. रेफरी म्हणून केलेलं काम निनावी असतं. निरीक्षणं शुद्ध करणारी संगणकीय साखळी, जुन्या छायाचित्र-काचांचं डिजिटल रूप, दुसऱ्याच्या निबंधातली चूक छपाईआधी पकडणं, हे सगळं आभाराच्या परिच्छेदात एका ओळीत संपतं. म्हणून आभाराचे परिच्छेद वाचत चला. एखाद्याचं नाव तीस वर्षं वेगवेगळ्या लोकांच्या आभारांत येत असेल, तर त्याच्याकडे सगळे अडल्यावर जातात हे नक्की.

राहिला प्रश्न मोठं कोण याचा. तो सोडून द्या. निरीक्षक आणि सैद्धांतिक यांना एका मापाने मोजायची पद्धत अजून कुणाला सापडलेली नाही. परिचयलेखासाठी मी असं करेन: समीक्षित निबंध वेगळे काढायचे, त्यांतून प्रथम लेखकाचे आणि विद्यार्थी प्रथम असलेले निवडायचे, ते वर्षांप्रमाणे लावून सारांश वाचायचे. एका दुपारचं काम आहे. त्यातून दोन-तीन प्रश्न पुन्हा पुन्हा डोकं वर काढतील. ते प्रश्न घेऊन त्यांना भेटा आणि सगळ्यात जास्त उद्धृत झालेला निबंध व त्यांचा स्वतःचा आवडता निबंध यांबद्दल वेगवेगळं विचारा. मोठ्या गटातल्या कामाबद्दल विचारताना ‘तुम्ही शोध लावला’ असं म्हणू नका. ‘तुमच्याकडे कुठला भाग होता?’ असं विचारा. ज्याने खरंच काम केलंय तो या प्रश्नावर तासभर बोलतो.

संपादकांनी एच-इंडेक्स छापायचा आग्रहच धरला, तर कुठल्या सूचीतला आणि कुठल्या तारखेचा ते कंसात द्या. गूगल स्कॉलर प्रबंध, अहवाल आणि इतर बरंच काही धरतं, त्यामुळे तिथला आकडा सहसा एडीएसपेक्षा जास्त येतो, आणि लेख छापून येईपर्यंत दोन्हीही बदललेले असतील.